रेषेचं वजन

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एक बारीक काटा आहे. काचेच्या पेटीत बसलेला आणि भलता मानी. जवळून कुणी पाय आपटत गेलं तरी त्याचे आकडे थरथरतात, आणि कुणी शिंकलं तर स्वारी बराच वेळ ताळ्यावर येत नाही. मी इथे शिकवायला लागल्यापासून त्याच्यावर मीठ, सोडा, नाना रंगांच्या पावडरी आणि एकदा आमचे लॅब अटेंडंट पगारे काका यांची नवी अंगठी तोलली गेली. अंगठी सोनाराने सांगितली होती तेवढीच भरली, तरी काका दिवसभर घुश्शात होते. पण ताऱ्याचा प्रकाश तोलायला या काट्यापाशी आजवर एकच बाई आली. ती आता नाही, आणि काट्याची पेटी उघडताना मला अजूनही दाराकडे बघायची सवय गेलेली नाही.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मधली सुट्टी होती. दारात साठी ओलांडलेली एक उंच बाई उभी. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पुरुषी चपला, खांद्याला शबनम. नमस्कार नाही, ओळख नाही. विचारलं काय, तर "तुमचा काटा मिलिग्रॅमच्या खाली जातो का?"

"जातो. का?"

"कागद तोलायचेत."

पगारे काका चहाचा कप घेऊन मधेच उभे होते. ते म्हणाले, "बाई, इथं रद्दी घेत नाय."

त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "रद्दीच आहे काका. पण लय लांबून आली."

त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि टेबलावर हलक्या हाताने उपडं केलं. आतून कागदाचे तुकडे पडले, बोटाएवढे, प्रत्येकाचा आकार खाली निमुळत्या होत गेलेल्या खड्ड्यासारखा. मागे पेन्सिलीने काहीबाही खुणा. ही माझी आणि वसुधा निकम यांची ओळख. आम्ही सगळे त्यांना निकम मॅडम म्हणायचो. आमच्या कॉलेजात त्या एक दिवसही नोकरीला नव्हत्या, पण हजेरी आमच्यातल्या काहींपेक्षा चांगली होती.

दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन त्या नाशिकरोडला एका लहान फ्लॅटमध्ये राहायला आल्या, कारण वाढल्या त्या इथेच, एकलहऱ्याच्या वसाहतीत. वडील तिथल्या कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. मूळ गाव सटाण्याकडचं, त्यामुळे घरात अहिराणी. बाहेर मॅडम स्वच्छ शहरी मराठी बोलत, पण राग आला, की तोंडातून पहिलं "हाई काय शे?", म्हणजे 'हे काय आहे?', निघायचं. मग समोरच्याने समजून घ्यायचं की आता काही खरं नाही.

तर ते कागद. ताऱ्याचा प्रकाश फोडला की रंगांचा पट्टा होतो, आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा असतात. ही सोडियमची, ही लोखंडाची, ही ऑक्सिजनची. आलेखावर तीच रेष खड्ड्यासारखी दिसते. खड्डा मोठा तर तो पदार्थ ताऱ्यात जास्त. पुढे ताऱ्याच्या तापमानाचं वगैरे बरंच गणित असतं, पण सुरुवात खड्डा मोजण्यापासून. मॅडम आलेख भला मोठा छापून घेत, खड्डा कात्रीने कापून काढत आणि कागद तोलत. त्यांच्या तरुणपणी जुने लोक असं करत, त्यांच्याकडून त्या शिकल्या होत्या. कात्री देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलेली, भरतकामाची, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"मॅडम, हे कॉम्प्युटर क्षणात करत नाही का?" मी विचारलं. विचारायलाच हवं होतं.

"करतो की. मी तोलून झालं की त्याचं बघते."

"आधी का नाही बघत?"

"आधी बघितलं की माझी कात्री त्याच्या बाजूने चालते."

दर वेळी त्या त्याच कागदाचा एक कोरा चौकोनही कापून आणत आणि पहिल्यांदा तो तोलत. पावसाळ्यात कागद ओल धरतो, जड होतो. ते वजन ताऱ्याच्या नावावर जायला नको. केमिस्ट्रीची असून मला हे सुचलं नसतं, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाल्या, "तुला सुचलं असतं गं. तुला फक्त गरज नव्हती." आणि तेव्हापासून त्या मला केमिस्ट्रीच म्हणायला लागल्या. "काय केमिस्ट्री, काटा मोकळा आहे का?" माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

त्या आल्या की पगारे काका पंखा बंद करत. उन्हाळ्यात हे सोपं नव्हतं. घाम पुसत आम्ही तिघं त्या काचेच्या पेटीकडे बघत उभे. मॅडम श्वास रोखून धरत, आकडा स्थिर झाला की सोडत, आणि तो सुटताना त्यांच्या तोंडून एक "हं" निघे. त्या "हं"वरून तारा कसा निघाला ते आम्हाला कळायला लागलं होतं. काम झालं की डबा उघडायचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेचा असा, की काका म्हणायचे, "मॅडम, तारे दिसले."

त्यांचा सगळा जीव होता तारकागुच्छांवर. लाखो तारे एका जागी दाटीने राहतात, अतिशय म्हातारे. फार वर्षं लोकांचा समज असा, की एका गुच्छातले सगळे तारे एकाच ढगातून एकदमच जन्मले, तेव्हा त्यांचा मालमसालाही एकच असणार. पण त्यातले जे फुगून लाल झालेत, ज्यांना लाल राक्षस म्हणतात, ते भरपूर तेजस्वी असल्यामुळे त्यांच्या रेषा नीट वाचता येतात. आणि वाचल्या तर काय, काहींत सोडियम जास्त आणि ऑक्सिजन कमी, काहींत उलटं. एका ढगातले, एका वयाचे, आणि असे वेगळे.

विज्ञानदिनाला आम्ही मॅडमना भाषणाला बोलावलं. आभार मानताना आमच्या प्राचार्यांनी उत्साहाने सांगितलं, "म्हणजे मॅडमच्या म्हणण्याचा सारांश असा, की एका आईची लेकरंही सारखी नसतात!" टाळ्या पडल्या. मॅडम उठून परत माइकपाशी गेल्या.

"सर, माफ करा, पण हे मी म्हटलेलं नाही. लेकरं वेगळी असतात यात नवल काय? तारे वेगळे का, याचं नवल आहे. ते म्हातारपणी बदलले, की जन्मतःच तसे, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. पोटातलं ढवळून वर येतं आणि तारा बदलतो, असं काही म्हणायचे. मी म्हणायचे, नाही, जन्मतःच. मग त्याच गुच्छांतल्या लहान, अजून न फुगलेल्या ताऱ्यांतही हाच फरक दिसला. त्यांच्या पोटात असं ढवळायची सोयच नाही. म्हणजे पहिले काही तारे जळले, त्यांची राख ढगात मिसळली आणि त्या राखेतून पुढचे झाले." मग म्हणाल्या, "एकलहऱ्याला आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर राख, चहात राख, आणि त्याच राखेच्या विटांची पुढे लोकांनी घरं बांधली. मला हे समजायला अवघड गेलं नाही. पण कुणाची राख, ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही. ते ठाऊक असल्यासारखं मी बोलणार नाही." आणि बसल्या. प्राचार्य चांगले गृहस्थ, त्यांनी दुसऱ्या दिवशी मॅडमना चहाला बोलावलं आणि पुन्हा नीट समजून घेतलं.

मॅडमचं एक वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये रुळलं. "आधी दिवा कुणाचा ते बघ." वेधशाळेत नव्या असताना त्यांनी एका ताऱ्यात सोडियम फारच कमी आहे असं काढलं होतं. आनंदाने वरिष्ठांना सांगूनही आल्या. नंतर लक्षात आलं, की डोंगराच्या पायथ्याच्या गावात पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांचा उजेड आकाशात चढून दुर्बिणीत शिरला आणि नेमका सोडियमच्या खड्ड्यात भरला. खड्डा उथळ दिसला तो गावच्या दिव्यांमुळे. मॅडम स्वतः परत गेल्या आणि सांगून आल्या, की माझं चुकलं, तो तारा नव्हता, तो बाजार होता. त्यानंतर कुठलीही बातमी आली की त्यांचा पहिला प्रश्न तोच. अमक्या सरांचं तमक्या मॅडमशी बिनसलं म्हणे, असं कुणी म्हटलं की मॅडम डब्यातून मान वर न करता विचारत, "दिवा कुणाचा?" सांगणारा निम्म्या वेळा विषय बदलायचा. आमच्याकडच्या चहाड्या बऱ्याच कमी झाल्या, आणि खरं सांगायचं तर मधली सुट्टी थोडी अळणी झाली.

त्यांच्या शबनममध्ये एक छोटी नळी असायची, प्रकाश फोडून दाखवणारी. ती लावून त्या दिसेल तो दिवा बघत. समईची ज्योत, भजीवाल्याचा शेगडीचा जाळ, दवाखान्यातली ट्यूब. एकदा संध्याकाळी आम्ही दोघी नाशिकच्या द्वारका चौकात बस बदलत होतो. गर्दी नेहमीसारखी, हॉर्न नेहमीसारखे. मॅडम चौकाच्या कडेला नळी डोळ्याला लावून रस्त्याचा दिवा बघत उभ्या. ट्रॅफिक हवालदार आला. "काय चाललंय आजी? कॅमेरा हाय का?"

"बघा की," म्हणत त्यांनी नळी त्याच्याच हातात दिली.

त्याने बघितलं. हॉर्न वाजत राहिले. "आयला," तो म्हणाला, "सगळेच रंग हायेत की यात!"

"तेच तर दुखणं आहे," मॅडम म्हणाल्या. "जुने पिवळे दिवे होते ना, ते आपल्या चार रेषा धरून बसायचे. कुठे आहेत ते कळायचं, तेवढं वजा करता यायचं. हे पांढरे सगळीकडेच आहेत."

हवालदाराने गंभीरपणे मान हलवली आणि आमच्यासाठी रस्ता थांबवला. बसमध्ये मॅडम खिडकीबाहेरचे दिवे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या वसाहतीत पिवळेच होते गं. बाबा दुसऱ्या पाळीवरून यायचे त्या उजेडात." त्या वसाहतीतली बरीच घरं आता रिकामी पडली आहेत. त्या तिकडे कधी गेल्या नाहीत. गच्चीवरून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात तेवढं पुरे, म्हणायच्या.

त्या काय धरून बसल्या होत्या, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तरुणपणी त्यांना एक लाल तारका सापडली होती, कुठल्याच गुच्छात नसलेली. आजूबाजूला मोकळं आकाश, आणि ही एकटीच. पण तिच्या रेषा गुच्छातल्यांसारख्या वाटत होत्या, राखेतून झालेल्यांसारख्या. असे तारे गुच्छातच घडतात, मोकळ्या आकाशात नाही. म्हणजे ही कधीतरी घरातून निसटलेली असणार. पण हाती आलेला आलेख इतका धूसर, की सोडियमचा खड्डा नक्की किती हे कुणाला शपथेवर सांगता येईना. पुन्हा दुर्बिणीची वेळ मागितली तर कधी मिळाली नाही, मिळाली तेव्हा ढग आले, आणि मग त्या निवृत्त झाल्या. पुढे इतरांना असे भटके तारे सापडले, त्यांच्यावर चांगलं कामही झालं. पण ही तारका तशीच राहिली.

आणि आता मॅडमच्या डोळ्यांचा पडदा जात होता. बरोबर मधोमध. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल. हे त्यांनी मला सांगितलं तेही थट्टेवारी. "आयुष्यभर पोरांना शिकवलं, मंद तारा बघायचा असेल तर त्याच्याकडे बघू नका, त्याच्या शेजारी बघा, म्हणजे दिसतो. आता मला सगळ्याच गोष्टींच्या शेजारी बघायचंय." मी हसले नाही. मग त्याही हसायच्या थांबल्या. "केमिस्ट्री, एवढीच एक रेष राहिली गं. उत्तर काय, कुणीही कळवेल फोनवर. मला ती बघायची आहे."

त्यांची जुनी विद्यार्थिनी लता आता त्याच वेधशाळेत होती. तिने खटपट करून त्या तारकेसाठी वेळ मिळवला. थंडीत आकाश स्वच्छ मिळालं आणि आलेख आला. पण तोवर मॅडमच्या नजरेचा मधला भाग पुरता गेला होता. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या म्हणून माझ्या कानाकडे बघत. लताने फोनवर आकडा सांगायला सुरुवात केली, तर या ओरडल्या, "हाई काय शे? सांगू नको! आधी तोलू दे."

त्या दुपारी मी त्यांना घरून घेऊन आले. पगारे काकांनी पंखा बंद केला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. पोरांचा घोळका आला की त्यांचा दबका आवाज यायचा, "हळू चाला रे, आत काटा चालू हाय."

आलेख टेबलावर पसरला. खड्ड्याच्या वर पट्टी लावून एक रेष ओढावी लागते, की इथून खाली खड्डा धरायचा. सगळी मेख त्या रेषेत. केसभर वर गेली तर सोडियम वाढतं, केसभर खाली आली तर उतरतं. आजवर ती मॅडमच ओढत. आज पेन्सिल माझ्या हातात होती, आणि माझ्या मनात काय होतं हे सांगायला नकोच. त्या बाईच्या जन्माची ओढ त्या कागदावर होती.

"माथे पकड," त्या सांगत होत्या. "मधले उंचवटे सोड. दोन्हीकडचं सपाट बघ, आणि त्याच्यावरून जा."

मी पट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मॅडमना काही दिसत नव्हतं. तरी म्हणाल्या, "केमिस्ट्री, तू माझ्याकडे बघून रेष ओढू नको. कागदाकडे बघ."

मग मी कागदाकडे बघितलं आणि रेष ओढली. त्यांनी आपली कात्री माझ्या हातात दिली, पहिल्यांदाच. मी कापलं. आधी कोरा चौकोन तोलला, मग सोडियमचा खड्डा, मग ऑक्सिजनचा. मी आकडे मोठ्याने वाचत गेले आणि त्या तोंडी हिशेब करत गेल्या. शेवटचा आकडा झाला. त्यांच्याकडून नेहमीचा "हं" येईना. मी घाबरले.

"सोडियम भरपूर आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ऑक्सिजन उतरलेला. गुच्छातलीच आहे ती." मग आपल्या आवाजावर त्यांनी ताबा आणला. "म्हणजे कुठल्या गुच्छातली ते कळत नाही हां. तो गुच्छ कदाचित विरूनही गेला असेल. तिला घर होतं, एवढंच कळतं."

लताला फोन लावला. तिचा आकडा आमच्याशी जुळला. तिकडे ती रडत होती आणि इकडे पगारे काका दारातून विचारत होते, "जमलं का मॅडम?"

नंतर थोड्याच दिवसांनी मॅडम सटाण्याला पुतण्याकडे राहायला गेल्या. फोन व्हायचे. आणि उन्हाळ्यात एके सकाळी पुतण्याचाच फोन आला, की आत्या झोपेतच गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. काही बोलायच्या आधी मी थबकते, कात्री कुणाच्या बाजूने चालली आहे ते बघते, आणि ते सांगायला कुणी नसतं.

पण मॅडम डोळ्यांसमोर येतात त्या रेष तोलली त्या दुपारच्या. काका रिक्षा आणायला गेले होते. मॅडम स्टुलावर बसलेल्या. म्हणाल्या, "उत्तर झालं. आता रेष दाखव."

मी सोडियमचा तो कापलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. शेजारी बघून बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाहीच. मला वाटलं, आता हा कागद त्यांच्या हातून घ्यावा आणि काहीतरी दुसरं बोलावं.

तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले. तुकडा डाव्या चिमटीत धरला आणि उजव्या हाताचं बोट त्याच्या कापलेल्या कडेवरून फिरवायला लागल्या. वरून सुरुवात, मग उतार, मग तळाचं टोक, आणि पलीकडची चढण. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा, आणखी सावकाश. तळाशी बोट थांबलं.

"केवढी खोल आहे गं ही," त्या म्हणाल्या.

रिक्षा आली. मी त्यांना गेटपर्यंत हाताला धरून नेलं, आत बसवलं. एरवी त्या वळण येईपर्यंत हात हलवत राहायच्या. त्या दिवशी रिक्षा सुटली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही. गेटाबाहेर वारा होता, आणि त्यांचे दोन्ही तळवे तो कागद मध्ये धरून मिटलेले होते.